राजापूरच्या भरपाईची घासाघीस

आमच्या लहानपणी वडील आम्हाला बैलबाजारात घेऊन जात. तेथला सौदा आम्हाला मोठा चमत्कारिक वाटे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहत, उपरण्याखाली हातात हात घालीत आणि बोटे दाबून दर सांगत. तोंडाने बोलणे चाले ते पाऊसपाण्याचे. एकदा एका बैलजोडीवर वडिलांचे मन बसलेले आम्हाला स्पष्ट दिसत होते. तरीही हात सोडून ते सरळ चहाच्या पालाकडे चालू लागले. आम्ही रडकुंडीला आलो. पण चहा संपण्यापूर्वीच बैलवाला आपण होऊन आला आणि जोडी आमची झाली. घरी येताना आम्ही विचारले, "तो आला नसता तर?" वडील म्हणाले, "तर बैल त्याचे आणि पैसे आपले. कितीच्या वर जायचे नाही ते घरून निघतानाच ठरवले होते. ते ठरलेले असले म्हणजे बाजारात जीव घाबरत नाही."

खरेदी-विक्रीतील वाटाघाटींचे शास्त्र शिकविणारी पुस्तके अलीकडे पुष्कळ निघतात. गिऱ्हाइकाशी हसावे कसे, पहिला आकडा कोणी बोलावा, गप्प केव्हा बसावे, असे नाना नियम त्यांत असतात. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे आपल्या बाजारालाही ठाऊक आहे. त्या नियमांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ही विद्या इतिहासात पाहावी, असे आमचे मत आहे. पुस्तकातला सौदा हात मिळविले की संपतो. इतिहासात मात्र त्या सौद्याचे पुढे काय झाले आणि कोण तरला, कोण बुडाला, हेही दिसते. म्हणून आज आम्ही एकच प्रकरण आपल्यापुढे ठेवणार आहोत. ते आहे शिवाजीमहाराज आणि इंग्रज व्यापारी यांच्यात राजापूरच्या वखारीवरून चाललेल्या घासाघिशीचे. वखार लुटली गेली १६६१ साली आणि करार झाला १६७४ साली. एका सौद्याला तेरा वर्षे लागली!

प्रथम भांडणाचे मूळ पाहू. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. पुढे तिने सुरतेस आपले मुख्य ठाणे केले आणि दक्षिणेचा माल मिळावा म्हणून राजापूरच्या बंदरात एक वखार घातली. राजापूर तेव्हा आदिलशाहीत होते. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला आणि महाराज आत अडकले. त्या वेळी राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला दुर्बुद्धी सुचली. विजापूरकरांची मर्जी संपादन केली तर व्यापाराला बरे, असा हिशेब करून तो तोफगोळ्यांचे सामान घेऊन पन्हाळ्याखाली गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने किल्ल्यावर गोळे टाकले. महाराज निसटून विशाळगडास पोचले हे सर्वांना ठाऊकच आहे. पुढच्याच वर्षी ते राजापुरावर उतरले. वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह तेथले इंग्रज कैद झाले. आजारी पडलेल्या रेव्हिंग्टनला आधी सोडण्यात आले. बाकीच्यांची सुटका १६६३ साली झाली.

आता गंमत अशी की, या कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना मदतीसाठी कळवळून पत्रे लिहिली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच खडसावले. तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेला नाहीत. परक्याच्या वेढ्यात आपले निशाण लावून गोळे फेकायला गेला होता, त्याचे हे फळ आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. म्हणजे चूक आपल्या माणसाची हे इंग्रजांना घरात पुरते मान्य होते. पण पुढे महाराजांशी बोलणे सुरू झाले तेव्हा घरातले हे मत घरातच राहिले. बाहेर एकच घोष: आमची वखार लुटली, आमची भरपाई द्या! आपली दुबळी बाजू आपण होऊन समोरच्याला सांगू नये, हा व्यापाऱ्याचा जुना धडा ते पक्का शिकलेले होते. इंग्रजांनी आपले पत्रव्यवहार जपून ठेवले म्हणून त्यांच्या पोटातले आपल्याला आज वाचता येते. मराठी बाजूचे मनोगत मात्र बरेचसे कृतीवरूनच ताडावे लागते.

कोणत्याही वाटाघाटीत प्रथम पाहावे ते हे की, कोणाला कशाची गरज आहे. १६६८ साली मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडून कंपनीला मिळाले. बेट मिळाले खरे, पण त्यावर पिकणार किती? धान्य, लाकूडफाटा यांसाठी समोरच्या किनाऱ्याकडे हात पसरावा लागे आणि त्या किनाऱ्यावर, कल्याणपासून खाली, महाराजांचा अंमल बसत चालला होता. शिवाय कंपनीची मोठी उलाढाल सुरतेची, म्हणजे मोगलांच्या मुलखातली. महाराजांशी उघड सलगी केली की सुरतेस मोगल रागावणार, आणि न करावी तर मुंबईची चूल पेटणार नाही, अशी कात्री होती. गेराल्ड ऑन्जिअर हा १६६९ पासून इंग्रजांचा सुरतेचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर होता. तो मोठा धीराचा आणि गोड बोलणारा मनुष्य. त्याने या कात्रीत सापडूनही आठ वर्षे तोल सांभाळला.

महाराजांनाही गरज होतीच. जंजिऱ्याच्या सिद्दीशी त्यांचा झगडा चालू होता आणि त्यासाठी तोफा हव्या होत्या. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा घेई, तो मिळू नये अशी त्यांची इच्छा होती. शिवाय राजापूर पूर्वीसारखे गजबजावे, जकातीचे उत्पन्न वाढावे, हेही होतेच. महाराजांना व्यापार कळत नव्हता, ते केवळ तलवारबहाद्दर होते, असे कोणी समजत असेल तर त्याने १६७१ चे त्यांचे मिठाविषयीचे पत्र पाहावे. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले, मीठ स्वस्त पडते आणि त्यामुळे कोकणच्या मिठाचा धंदा बसतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी कुडाळच्या सुभेदारास बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावयास लिहिले. आयात मालाचा भाव देशी मालाच्या भावाला आणून भिडवावा, हे तत्त्व त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

अशा दोन सावध गिऱ्हाइकांची गाठ पडली. इंग्रज म्हणत, आधी राजापूरची भरपाई करा, मग आम्ही तेथे वखार घालू. महाराजांचे वकील म्हणत, आधी वखार घाला, व्यापार सुरू करा, मग भरपाईचे पाहू. दोन्ही बाजूंनी गळाला आमिष लावलेले होते. इंग्रजांचे आमिष तोफांचे. उघड तोफा विकल्या तर मोगल खवळेल, म्हणून विकावयाच्या नाहीत. पण साफ नाही असेही म्हणावयाचे नाही, आशा जिवंत ठेवावयाची, असे त्यांचे धोरण होते. महाराजांनी हे ओळखले आणि फ्रेंच व्यापाऱ्यांकडून तोफा मिळविल्या. दुसरे दुकान उघडे आहे हे दिसले की पहिल्या दुकानदाराचा तोरा उतरतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला मंडईत येतो.

या काळात मुंबईहून रायगडाकडे आणि रायगडाहून मुंबईकडे माणसांचे जाणेयेणे चालूच होते. १६७२ साली स्टीफन उस्टिक बोलणी करून आला. १६७३ साली टॉमस निकल्स रायगडावर गेला. महाराजांनी त्याला आदराने बसविले, गोड बोलून घेतले, आणि उत्तर आमच्या वकिलाबरोबर पाठवू असे सांगून वाटेला लावले. निकल्स रिकाम्या हाताने परतला. वर पाहता हा नुसता कालहरणाचा प्रकार वाटतो. परंतु काळ कोणाच्या बाजूने चालला होता ते पाहा. दर वर्षी महाराजांचे राज्य वाढत होते आणि दर वर्षी मुंबईला कोकणच्या किनाऱ्याची गरज अधिक भासत होती. ज्याच्या बाजूने काळ आहे त्याने घाई का करावी?

शेवटी १६७४ चा उन्हाळा उजाडला. राज्याभिषेकाची तयारी चालू झाली. ऑन्जिअरने ही वेळ अचूक हेरली. मंगल प्रसंगी यजमानाचा हात सैल असतो! हेन्री ऑक्झेंडेन याला दोन इंग्रज सोबती आणि नारायण शेणवी हा दुभाषी देऊन त्याने रायगडास पाठविले. मे महिन्यात ही मंडळी पाचाडास पोचली, तो महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनाला गेलेले. तेव्हा गाठ पडली निराजी रावजींची. निराजीपंत इंग्रजांशी मोकळेपणाने बोलले. राज्याभिषेक झाल्यावर महाराज प्रजेच्या आणि व्यापाराच्या वाढीकडे अधिक लक्ष देतील, असा दिलासा त्यांनी दिला. पण ऑक्झेंडेनने सिद्दीशी तह करण्याचा विषय काढताच, त्या गोष्टीचा आग्रह धरू नका असेही स्पष्ट सुचविले. कोणता विषय काढू नये हे समोरच्याला आधीच आणि सौम्यपणे सांगून ठेवणे, हीदेखील वाटाघाटीतली मोठी कला आहे. त्यामुळे पुढे दरबारात नकार देण्याची पाळी येत नाही.

ऑक्झेंडेनच्या मुक्कामातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ही इंग्रज मंडळी रोज अर्धे बोकड फस्त करीत. गडावर मांस खाणारे गिऱ्हाईक थोडे. त्यामुळे त्यांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक आपल्या धंद्याला बरकत आणणारे हे लोक आहेत तरी कसे, हे पाहण्यासाठी मुद्दाम गड चढून आला. कराराच्या कलमांवर मोठमोठी माणसे डोके खाजवीत असता, या म्हाताऱ्याने इंग्रजी व्यापाराचा लाभ आपल्यापुरता समजून घेतला होता.

महाराज गडावर आले, भेट झाली, आणि कलमांचा मसुदा तपासण्यासाठी मोरोपंत पेशव्यांकडे सोपविण्यात आला. इंग्रजांची कलमे एकूण वीस होती. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी घालण्याची मोकळीक असावी. मालाची खरेदी-विक्री आपल्या भावाने करता यावी, सरकारने भाव लादू नये. आयात मालावर शेकडा अडीचपेक्षा जास्त जकात नसावी. राजापूरची भरपाई व्हावी. मुंबईचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. आणि इंग्रजांची जहाजे फुटून किनाऱ्याला लागली तर ती मालासह परत मिळावी.

यांपैकी भरपाईचे कलम कसे सुटले ते पाहण्यासारखे आहे. रक्कम ठरली दहा हजार होन. पण ती रोख द्यावयाची नव्हती. इंग्रजांनी तीन वर्षे दर साल पाच हजार होनांचा माल बाजारभावाने घ्यावा आणि किंमत निम्मी द्यावी. म्हणजे तीन वर्षांत साडेसात हजार होन फिटले. उरलेले अडीच हजार राजापुरास वखार पुन्हा सुरू झाल्यावर तेथल्या जकातीतून वळते करून घ्यावे. श्रोत्यांपैकी जे व्यापारी आहेत त्यांच्या ध्यानात यातली मेख तत्काळ आली असेल. खजिन्यातून एक नाणेही बाहेर जात नाही. भरपाई हवी तर इंग्रजांनी माल उचलला पाहिजे, आणि उरलेली हवी तर राजापूरची वखार उघडलीच पाहिजे. आधी वखार की आधी भरपाई, हा जो वाद वर्षानुवर्षे अडून बसला होता, तो भरपाईलाच व्यापाराच्या पोटात घालून मिटविला गेला. इंग्रजांना सुरतेस आणि लंडनला सांगावयाला आकडा मिळाला. महाराजांना गिऱ्हाईक मिळाले. दोघांचीही अब्रू राहिली.

जकातीचे कलम मान्य झाले, वखारींचे झाले, भावाचे झाले. या सर्व ठिकाणी महाराजांनी हात आखडला नाही. अडले ते फक्त दोन कलमांवर.

पहिले नाण्याचे. त्यावर उत्तर मिळाले ते असे: आमच्या मुलखात कोणत्याही नाण्याला बंदी नाही, तुमचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल तर ते चालेल, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे तिने घेतलेच पाहिजे अशी सक्ती आम्ही करणार नाही, म्हणून असे कलम घालण्याचे कारण नाही. दुसरे कलम फुटलेल्या जहाजांचे. माणसांना आसरा आणि मदत मिळेल, परंतु किनाऱ्याला लागलेल्या मालावर राजाचा हक्क हा कोकणचा जुना कायदा आहे. तुम्हाला सूट दिली तर फ्रेंच, डच, सगळेच मागतील.

ही दोन्ही कलमे वरवर किरकोळ वाटतात. कोणी असेही म्हणेल की, एवढा मोठा करार जुळत असता दोन क्षुल्लक गोष्टींसाठी ताणून का धरावे? पण आमच्या मते या सबंध प्रकरणाचे मर्म येथेच आहे. जकात, भाव, वखारीची जागा हा व्यापाराचा माल होता. त्यात दोन घास कमीजास्त चालतात. नाणे आणि किनारा हा मात्र व्यापाराचा माल नव्हता, ते राज्य होते. ज्या आठवड्यांत गडावर सिंहासन मांडले जात होते, त्याच आठवड्यांत सिंहासनाचा एक तुकडा घासाघिशीत द्यावयाचा नाही, हे घरून ठरवून मंडळी बैठकीस बसली होती. आणि ते आधी ठरले होते म्हणूनच बाकीच्या अठरा कलमांवर मोकळ्या मनाने 'हो' म्हणता आले. नकाराची भाषाही पाहावी. कोठे आवाज चढलेला नाही. नकाराला रयतेच्या नुकसानीचे, जुन्या कायद्याचे, इतरांच्या मागणीचे कारण जोडलेले आहे. इंग्रजांना राग येण्यासारखे काही राहिलेच नाही. राज्याभिषेक ६ जूनला झाला आणि त्याच महिन्यात करारावर शिक्के पडले.

येथे व्याख्यान संपविले असते तर टाळी मिळाली असती. पण प्रामाणिकपणे पुढचे सांगितले पाहिजे. राजापूरची वखार पुन्हा उघडली, परंतु तिची भरभराट झाली नाही. मालाची पूर्तता रेंगाळली, इंग्रजांच्या तक्रारी चालू राहिल्या, आणि १६८० साली महाराज निवर्तले तोपर्यंत ते दहा हजार होन पुरते फिटले नव्हते. मध्यंतरी खानदेशात धरणगावची इंग्रजांची वखार मराठी फौजेने लुटली. त्याची भरपाई मागण्यासाठी १६७५ साली ऑस्टिन नावाचा वकील आला, तेव्हा शत्रूच्या मुलखात झालेल्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही, असे उत्तर त्याला मिळाले. हे उत्तर आम्हाला न्यायाचे वाटते. राजापूरच्या बाकीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. युद्धात गुंतलेल्या राज्याला पैशाची ओढ असते, खालचे अंमलदार दिरंगाई करतात, हे सर्व खरे. तरीही कबूल केलेले वेळेवर न दिले की पुढच्या सौद्याला समोरचा मनुष्य अधिक संशय घेऊन बसतो, हा नियम राजालाही सुटत नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रातून शिकावयाचे तर त्यांची बाकीही वहीत मांडली पाहिजे.

आता शंभर वर्षे पुढे जाऊ. १७७५ साली रघुनाथरावाने सुरतेस याच कंपनीशी तह केला. पुण्यात बारभाईंनी त्याला गादीवरून दूर केलेले. पळापळीने तो जेरीस आलेला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये घ्यावे, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवून घ्यावे, आणि साष्टी व वसई कायमची घ्यावी, असा तो सौदा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली हजारो माणसे खर्ची घालून जी वसई घेतली, ती कागदाच्या एका ओळीत गेली. पुढे तह फिरले, युद्ध झाले, वसई वाचली. पण १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आणि १८०२ च्या अखेरीस दुसरा बाजीराव होळकरापुढे हरून वसईस पळाला, तेव्हा ३१ डिसेंबरच्या तहात त्याने सहा हजार तैनाती फौजेच्या बदल्यात सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिलाच, शिवाय परराज्यांशी इंग्रजांच्या संमतीवाचून बोलणे करावयाचे नाही हेही लिहून दिले. म्हणजे पुढच्या वाटाघाटींचा हक्कच विकून टाकला!

रघुनाथराव बोलण्यात कमी होता असे नाही. बाजीराव तर गोड बोलण्याविषयी प्रसिद्धच होता. कमी होती ती दुसरी गोष्ट. काय विकावयाचे आणि काय नाही, हे दोघांनीही घरी ठरविलेले नव्हते. आणि दोघेही अशा घाईत बाजारात उतरले की, समोरच्याला त्यांच्या कपाळावरच त्यांची अडचण वाचता आली. १६७४ साली रायगडावर ताटकळत बसले होते ते इंग्रज. १८०२ साली वसईत धीर सुटला होता तो पेशव्याचा. कंपनी तीच, किनारा तोच; बदलले होते ते घरातले ठरविणे.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या 'आज्ञापत्रा'त हा इशारा देऊन ठेवला होता. सावकार हे राज्याचे भूषण, त्यांना मान द्यावा. परंतु टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राज्ये आहेत, म्हणून त्यांना समुद्रकाठी पक्क्या जागा देऊ नयेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. घरातले शहाणपण घरातच लिहून ठेवलेले होते. नातवंडांनी ते उघडून पाहिले नाही.

आपण काही राज्यांचे सौदे करीत नाही. कोणी कापडाचे करतो, कोणी घराचे, कोणी मुलाच्या नोकरीचे. परंतु प्रत्येकाच्या घरी एखादी साष्टी असतेच: बापजाद्यांची जमीन असेल, दुकानाचे नाव असेल, दिलेला शब्द असेल. तिचा भाव बाजारात जाण्यापूर्वी काढून ठेवावा, आणि ती विकावयाची नसेल तर नाही म्हणून मनाशी लिहून ठेवावे. मग उरलेल्या मालावर खुशाल दोन पैसे सोडावेत. त्याने माणूस दरिद्री होत नाही, उलट गिऱ्हाईक टिकते.

राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झेंडेन नजराण्याची हिऱ्याची अंगठी घेऊन दरबारात उभा होता. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांच्या टोकांवर जी चिन्हे लावली होती, त्यांची नोंद त्याने करून ठेवली आहे. एका भाल्यावर सोन्याचा तराजू समतोल टांगलेला होता. ते न्यायाचे चिन्ह, हे त्याला कळले. तो व्यापारी होता. तराजूची ओळख त्याला कोणी करून द्यावी लागली नाही.